कप्पीचे धनुष्य : कॅम, थांबा आणि महाराष्ट्राची तिरंदाजी

ज्या धनुष्याच्या दोन्ही पात्यांच्या टोकांना चाके बसवलेली असतात आणि त्या चाकांवरून दोरी व दोन जोडदोर फिरवलेले असतात, त्याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. आजच्या धनुष्यांत ही चाके बहुधा गोल नसतात. त्यांचा आस मध्यावर नसतो आणि काठही एकसारखा वळत नाही. म्हणून त्यांना कॅम हे नाव पडले. भोसरी, चाकण किंवा आळंदी-मरकळ रस्त्यावरच्या कारखान्यांत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट या पट्ट्यातल्या हजारो हातांखालून गेलेला आहे. धनुष्यातल्या कॅमचे काम निराळे असले तरी मूळ युक्ती तीच आहे. आसापासून काठापर्यंतचे अंतर सगळीकडे सारखे ठेवले नाही, की एकाच फिरण्यातून सुरुवातीला एक आणि शेवटी दुसराच परिणाम काढून घेता येतो.

साध्या धनुष्यात हे शक्य नव्हते. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा असतो आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्याच चोयटीची असते. असा कमठा जितका ओढावा तितका जड होत जातो. बाण कानापाशी येतो तेव्हा ओझे सर्वांत जास्त असते आणि नेम तर नेमका त्याच क्षणी धरायचा असतो. म्हणून तिरकमठ्याने शिकार करणारा माणूस नेम धरून थांबत नाही, तो ओढतो आणि सोडतो. मध्ययुगात दख्खनच्या फौजांत वापरली जाणारी कमान अधिक गुंतागुंतीची होती. लाकडाच्या गाभ्याला पोटाकडून शिंग आणि पाठीकडून जनावराचे स्नायुतंतू सरसाने चिकटवून ती बनवत. दोरी काढली की ती उलट दिशेला वाकून बसे. पुन्हा दोरी चढवण्याआधी तिला मंद आचेवर शेकून मऊ करावे लागे, आणि चढवताना पाते जराही पिळले तर कमान हातातच उलटी फिरे. ताण साठवणारे हत्यार चुकीच्या बाजूला वळले, तर तो ताण धरणाऱ्याच्या अंगावर येतो, ही गोष्ट तिरंदाजीत कॅम येण्याआधीपासून माहीत होती.

कंपाउंड धनुष्याचा जनक हॉलेस विल्बर ॲलन हा अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचा रहिवासी. त्याला हरणाच्या शिकारीसाठी वेगवान बाण हवा होता. १९६०च्या दशकात त्याने एका साध्या धनुष्याची टोके करवतीने कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. पहिल्या कप्प्यांची भोके मध्यभागी होती, त्यामुळे फारसे काही साधले नाही. मग त्याने भोक मध्यापासून बाजूला सरकवले आणि धनुष्याचा स्वभावच बदलला. दोरी ओढायला सुरुवात केली की वजन झपाट्याने चढे, मधल्या टप्प्यात शिगेला पोचे आणि शेवटी उतरे. पूर्ण ओढल्यावर हातावर राहणारे ओझे मधल्या ओझ्यापेक्षा बरेच कमी भरे. ॲलनने जून १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ते मंजूर झाले. हे बेढब यंत्र बाजारात चालवून दाखवण्याचे श्रेय टॉम जेनिंग्ज या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडे जाते. त्याने ॲलनच्या कल्पनेतले सामर्थ्य ओळखले आणि उत्पादन हाती घेतले. ॲलन १९७९ मध्ये मोटार अपघातात वारला. तोवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांत त्याचे धनुष्य रुळले होते.

ओझे उतरते कसे, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण कॅम कधीकधी अडकून बसतो, त्याचे मूळही तिथेच आहे. प्रत्येक कॅमला दोन खाचा असतात, एक दोरीची आणि एक जोडदोराची. दोरी ओढली की ती आपल्या खाचेतून उलगडते, कॅम फिरतो आणि जोडदोर दुसऱ्या खाचेवर गुंडाळला जातो. जोडदोर गुंडाळला गेल्याने पाती जवळ खेचली जातात व वाकतात. कॅमच्या आसाभोवती दोन बळांची झुंज चाललेली असते. दोरी त्याला पुढे फिरवू पाहते आणि वाकलेल्या पात्यांचा ताण जोडदोरामार्फत त्याला मागे फिरवू पाहतो. कोणाचा जोर किती चालणार हे ताणाइतकेच आसापासूनच्या अंतरावर ठरते. सुरुवातीला दोरी आसाच्या जवळून जाते आणि जोडदोर लांबून, म्हणून ओढणे जड लागते. शेवटी उलटे होते. दोरी आसापासून लांब जाते, जोडदोर आसाला जवळजवळ चिकटतो, आणि पात्यांत प्रचंड ताण असूनही हातावर थोडेच ओझे उरते. या उताराला तिरंदाज लेट-ऑफ म्हणतात. ५० पौंडांच्या धनुष्याचा लेट-ऑफ ७५ टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर तिरंदाज साडेबारा पौंड, म्हणजे साधारण पावणेसहा किलो तोलून धरतो. आता त्याला नेम स्थिर करायला अवधी मिळतो.

आता जोडदोर आसाच्या आणखी जवळ गेला तर काय होईल? त्याची रेषा बरोबर आसातून गेली, तर त्याचा जोर शून्य होईल आणि हातावर काहीच ओझे राहणार नाही. तो आसाच्या पलीकडे गेला, तर पात्यांचा सगळा ताण कॅमला मागे आणण्याऐवजी आणखी पुढे ढकलू लागेल. दोरी सैल पडते, पाती वाकलेलीच राहतात आणि धनुष्य स्वतःच स्वतःला ओढून धरते. यालाच कॅम लॉक होणे म्हणतात. वेल्डिंगच्या फिक्स्चरवर काम केलेल्या माणसाने ही गोष्ट रोज पाहिलेली असते. टॉगल क्लॅम्पची दांडी दाबत नेली की सुरुवातीला ती विरोध करते, मध्यरेषा ओलांडताच टक्‌ असा आवाज होतो आणि ती पलीकडे बसते. मग पत्रा कितीही उसळला तरी क्लॅम्प सुटत नाही, उलट अधिकच घट्ट होतो. क्लॅम्पमध्ये मध्यरेषा मुद्दाम ओलांडायची असते. धनुष्यात तिच्या अगदी जवळ जाऊन अलीकडेच थांबायचे असते. लेट-ऑफ जितका जास्त, तितके हे अलीकडचे अंतर कमी.

ॲलनच्या गोल, बाजूला सरकवलेल्या चाकांत हा धोका लहान होता. त्यांचा उतार सौम्य होता आणि लेट-ऑफही आजच्या मानाने बेताचाच. पण पुढच्या दशकांत बाणाचा वेग वाढवण्याची चढाओढ लागली. चाकांची जागा टोकदार, लांबट कॅमनी घेतली. ओढीच्या बहुतेक टप्प्यात वजन शिगेला ठेवायचे आणि अगदी शेवटी ते एकदम खाली आणायचे, अशी त्यांची आखणी होती. दोन कॅम एकाच वेळी फिरायला हवेत आणि एक जरी मागे राहिला तर बाण वरखाली जातो, ही तक्रार सुरुवातीपासूनच होती. ती मिटवण्यासाठी मॅथ्यूज कंपनीच्या मॅट मॅकफर्सनने १९९०च्या दशकाच्या आरंभी एकाच टोकाला कॅम आणि दुसऱ्या टोकाला साधे गोल चाक असलेले धनुष्य आणले. नंतर दोन्हींचा मेळ घालणारे हायब्रिड कॅम आले. २००५च्या सुमारास बोटेकने बायनरी कॅम बाजारात आणला. त्यात जोडदोर पात्याला न बांधता समोरच्या कॅमलाच बांधतात. दोन्ही कॅम एकमेकांना खेचून बरोबर ठेवतात, म्हणून जुळणी फारशी बिघडत नाही. मात्र पात्याला बांधलेल्या जोडदोरामुळे मिळणारा आधार इथे नसल्याने, अशा कॅमना रोखण्याची सगळी भिस्त थांब्यांवर येते.

थांबा म्हणजे कॅमवर स्क्रूने बसवलेली एक छोटी खुंटी. पूर्ण ओढ झाली की ती जोडदोराला किंवा पात्याच्या आतल्या बाजूला टेकते आणि कॅमचे फिरणे तिथेच संपते. तिरंदाजाच्या हाताला भिंत लागल्यासारखे वाटते, म्हणून त्या जागेला वॉल असेच म्हणतात. आधी थांब्याकडे नेम पक्का करण्याची सोय म्हणून पाहिले जाई. कॅम तीव्र होत गेले तसे ते सुरक्षेचे अंग बनले. बोटाच्या पेराएवढा हा धातूचा तुकडा काढून ठेवला किंवा एका भोकाने पुढे बसवला, तर वीस-पंचवीस किलोंच्या ताणाला अडवणारे दुसरे काहीच उरत नाही.

कॅम लॉक होतो तो जवळजवळ नेहमी धनुष्य उघडून पुन्हा जोडल्यानंतर. दोरी बदलताना थांबा काढला आणि परत लावायचा राहिला. वरचा थांबा एका आकड्यावर आणि खालचा दुसऱ्या आकड्यावर बसला. ओढीची लांबी ठरवणारे मॉड्यूल वर एक आणि खाली वेगळेच लागले. जोडदोर ठरलेल्या मापापेक्षा लांब मिळाला किंवा चुकीच्या खुंटीवर अडकवला गेला. थांब्याचा स्क्रू सैल होता आणि शंभर बाणांच्या धक्क्यांनी तो हळूहळू सरकला. आखूड ओढीला लावलेले धनुष्य लांब हातांच्या माणसाने भिंतीच्या पलीकडे जोर लावून ओढले, तरी सैल थांबा दगा देतो. उसन्या धनुष्यावर शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक ठरतो, कारण ओढीची लांबी हे प्रत्येकाच्या हाताचे माप असते आणि ते चपलेइतकेच दुसऱ्याला लागू पडत नाही.

लॉक झालेले धनुष्य दिसायला शांत असते, आणि तीच त्याची खरी भीती आहे. दोरी लोंबते, पण पात्यांतला ताण जसाच्या तसा असतो. कॅम किंचित मागे सरकला तरी तो सगळा ताण एका क्षणात सुटतो. त्याला अडवायला दोरीवर बाणही नसतो. बाणाशिवाय दोरी सुटणे, म्हणजे ड्राय फायर, हा धनुष्याचा सर्वांत वाईट अपघात आहे. एरवी बाण बरोबर घेऊन जातो ती ऊर्जा मग पाती, आस आणि दोरी यांनाच सोसावी लागते. पाती तडकतात, कॅम वाकतो, दोरी तुटून चेहऱ्यावर येते. म्हणून कॅम अडकल्याचे लक्षात येताच धनुष्य निशाणाच्या दिशेलाच ठेवून, चेहरा आणि बोटे दोरीच्या वाटेतून बाजूला घेऊन ते जमिनीवर आडवे ठेवायचे आणि आसपासच्यांना दूर करायचे. कॅम पेचकसाने उचकटायचा नाही, दोरी कापायची नाही, पात्यांचे बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेबाहेर सोडायचे नाहीत. ताण उतरवण्याची एकच योग्य जागा म्हणजे बो प्रेस. ही शिकंज्यासारखी चौकट दोन्ही पाती बाहेरून पकडते आणि त्यांना सावकाश आणखी वाकवून दोऱ्या सैल करते. ती त्या धनुष्याच्या पात्यांना जुळणारी असावी आणि चालवणारा शिकलेला असावा.

कॅम अडकू नये यासाठीचे काम त्याआधी, जुळणीच्या बाकावर होते. पट्टीचा तंत्रज्ञ जुळणीला हात घालण्यापूर्वी दोन मापे लिहून ठेवतो, वरच्या आसापासून खालच्या आसापर्यंतचे अंतर आणि हँडलपासून दोरीपर्यंतचे अंतर. ही मापे उत्पादकाच्या तक्त्याशी जुळली नाहीत, तर दोऱ्यांची लांबी बदललेली आहे आणि बाकी सगळी खटपट फुकट आहे. सुरुवातीच्या कंपाउंड धनुष्यांना पोलादी तारेचे जोडदोर असत आणि ते ताणत नसत. पुढे हलक्या कृत्रिम तंतूंचे दोर आले. ते वेग देतात, पण सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतात आणि उन्हात अधिक लांबतात. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेले धनुष्य संध्याकाळी सकाळसारखेच राहील, याची खात्री कोणी देऊ नये.

त्यानंतर पात्यांचे बोल्ट. ते दोन्ही पूर्ण आवळून मग सारखेच फेरे सोडायचे असतात, वर दोन तर खालीही दोनच. आळंदीत ज्याने पखवाज लावताना पाहिला आहे, त्याला यातले मर्म लगेच कळेल. वाद्या ओढून धरणारे लाकडी गठ्ठे वादक एका बाजूने ठोकत जात नाही. एका गठ्ठ्यावर दोन हलके घाव घालतो, पुडीवर बोट मारून ऐकतो, समोरच्या गठ्ठ्याकडे जातो, पुन्हा ऐकतो. एका घरात सूर चढला आणि शेजारच्या घरात उतरला, तर पखवाज बोलत नाही. धनुष्यातही वरचे पाते खालच्यापेक्षा कडक राहिले, तर एक कॅम आधी भिंतीला पोचतो आणि दुसरा अजून फिरतच असतो. ज्याचा थांबा टेकलेला नाही, तो कॅम मध्यरेषेकडे सरकत राहतो.

दोन्ही कॅम बरोबर पोचतात का, हे डोळ्यांनी पाहायचे साधन म्हणजे ड्रॉ बोर्ड. लांब फळीच्या एका टोकाला धनुष्याचे हँडल अडकवतात आणि दुसऱ्या टोकाच्या हाताच्या विंचने दोरी एकेका दाताने ओढत नेतात. माणसाच्या हातात धनुष्य पूर्ण ओढलेले असताना कोणी जवळ जाऊन कॅमकडे डोळे लावू शकत नाही. फळीवर मात्र ते शक्य होते, तरीही चेहरा दोरीच्या रेषेत आणायचा नसतोच. विंच थांबवून वरचा थांबा टेकला का, खालचा किती मिलिमीटर मागे आहे, हे पाहतात. मागे राहिलेल्या बाजूच्या जोडदोराला प्रेसमध्ये अर्धा पीळ देतात किंवा काढतात, आणि पुन्हा ओढून बघतात. दोरी नवी असेल तर काही दिवसांनी हे सगळे परत करावे लागते. बाण ठेवण्याची जागा, दोरीवरची खूण, कागदातून बाण मारून फाटीचा आकार पाहणे हे सगळे याच्या नंतरचे. आधी कागद फाडायला बसणारा माणूस चुकीच्या कॅमवर बरोबर खुणा करत असतो.

स्पर्धांत कंपाउंड धनुष्याला जागा मिळायला वेळ लागला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ते १९९५ मध्ये जकार्ता येथे प्रथम आले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याचे कमाल वजन ६० पौंड, अंतर ५० मीटर आणि लक्ष्य ८० सेंटिमीटरचे. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण वाटीच्या तोंडाएवढे. आशियाई क्रीडा स्पर्धेत हा प्रकार २०१४ मध्ये इंचॉनला आला. भारताच्या पुरुष संघाने तिथे सुवर्ण जिंकले, आणि कांस्य मिळवणाऱ्या महिला संघात महाराष्ट्राची पूर्वशा शेंडे होती.

महाराष्ट्रात या धनुष्याचे खरे केंद्र उभे राहिले ते साताऱ्यात, उसाच्या फडांलगतच्या मैदानावर. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या दृष्टी आर्चरी अकॅडमीत शेरेवाडीची अदिती स्वामी घडली. तिचे वडील गोपीचंद स्वामी गणिताचे शिक्षक. नागपूरचा ओजस देवतळेही सरावासाठी साताऱ्याला आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांनी सांघिक सुवर्ण जिंकले. जागतिक तिरंदाजीतले ते भारताचे पहिलेच सुवर्ण. दुसऱ्या दिवशी १७ वर्षांच्या अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्राला १४९–१४७ असे हरवून वैयक्तिक विजेतेपद मिळवले. त्याच दिवशी ओजसने अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले आणि पोलंडच्या लुकाश प्रझिबिल्स्कीवर १५०–१४९ अशी मात केली. काही आठवड्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताकडे आली. तिथल्या पुरुष संघात ओजस आणि अभिषेक वर्मा यांच्याबरोबर बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. २०२५ मध्ये ग्वांगजू येथे रिषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांनी फ्रान्सला २३५–२३३ असे हरवून पुरुषांचे सांघिक जागतिक सुवर्ण मिळवले.

एक-दोन गुणांच्या या फरकांत हाताच्या स्थिरतेइतकाच यंत्राचा वाटा असतो. पंधरा वेळा धनुष्य ओढले जाते, पंधरा वेळा दोन्ही थांबे एकाच क्षणी टेकावे लागतात आणि पंधरा वेळा भिंत त्याच जागी लागावी लागते. या पदकांमागे बाकावरच्या कामाचे तास आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. आपल्याकडे प्रशिक्षकच बहुधा तंत्रज्ञही असतो. स्पर्धेच्या दर्जाची धनुष्ये बहुतांशी परदेशी बनावटीची आहेत आणि बो प्रेस गावोगाव नाही. ज्या गावात ती नाही, तिथे दोरी बदलायची झाल्यास धनुष्य प्रेस असलेल्या ठिकाणी नेणे एवढाच सुरक्षित मार्ग आहे. गुडघ्याखाली पाते दाबून किंवा दोघांनी मिळून दोरी उतरवण्याचा खटाटोप साध्या धनुष्यावर चालून जातो. कॅमच्या धनुष्यावर तो हाताची बोटे पणाला लावण्यासारखा आहे.

ऑलिंपिकचे दार कंपाउंडला बरीच वर्षे बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत कंपाउंडच्या मिश्र संघाला मान्यता दिली. ॲलनने पेटंटसाठी अर्ज केला त्याला त्या स्पर्धेच्या वेळी ६२ वर्षे होतील.